टिटवीचे चार सेकंद

३ नोव्हेंबर, सोमवार

आज रुजू झाले. 'रुजू' हा शब्द या जागेला फारच मोठा आहे. औंढ्यात देवळाकडं जाणाऱ्या रस्त्यावर नारळ-हाराचं दुकान, त्याच्या माडीवर दोन खोल्या. दारावर फ्लेक्सचा तुकडा: 'टिटवी ॲनिमेशन'. त्यातला 'ॲ' वेगळ्याच फॉन्टातला. खालून उदबत्तीचा धूर वर येतो आणि भोंग्यावरची भजनं भिंतीतून आत येतात. इथं म्हणे टीव्हीसाठी कार्टून तयार होतं.

मालक रामप्रसाद. शिरड शहापूरच्या पुढं जो तांडा आहे तिथला. शाळेत माझ्या दोन वर्ग मागं होता. तेव्हा वहीच्या मागच्या पानावर बैल काढायचा, आता कॉम्प्युटरवर वासरू काढतो. वीस वर्षांत एवढीच प्रगती. कुणाकुणाच्या हातापाया पडून एका चॅनेलची मुलांची मालिका मिळवली आहे. नायक ढवळू नावाचं वासरू. ते चालायला लागलं की त्याला पाच पाय असल्यासारखं वाटतं.

"मंजुषाताई, तुमी आलात, लई बरं वाटलं," म्हणाला. "तुमच्यासारखं मानूस आपल्या भागात दुसरं कोन हाय?"

"बघू, तू काय काम देतोस ते," मी म्हटलं.

हैदराबादच्या स्टुडिओत नऊ वर्षं मी परदेशी कार्टूनच्या रेघा साफ केल्या. दुसऱ्यानं काढलेलं कच्चं चित्र समोर घ्यायचं आणि त्यावरून एकच पक्की रेघ ओढायची. तिथं माझ्या रेघेचं नाव होतं. मग तेच काम मशीन करायला लागलं आणि एका दुपारी आमची अख्खी टीम घरी पाठवली. वडिलांना, म्हणजे आबांना, मी सांगितलंय की मीच सोडलं.

आणि इथं पहिलं काम काय मिळालं, तर शेवटचा लोगो. कार्यक्रम संपतो, नावं पळतात, मग कंपनीचं चिन्ह चार सेकंद येऊन जातं ना, ते. त्या वेळी लोक रिमोट शोधत असतात.

६ नोव्हेंबर, गुरुवार

लोगोची कल्पना आमच्या रामप्रसाद साहेबांकडं आधीच तयार आहे. टिटवी उताणी झोपलेली. वरून आभाळ गोधडीसारखं खाली येतं, ती दोन्ही पाय वर करून ते पेलते आणि हसते. संपलं.

"आमच्या बाया सांगतात, टिटवी तशीच झोपती," रामप्रसाद म्हणाला. "आभाळ पडलं तर पेलायला."

"आमच्याकडं टिटवी ओरडली की घरात मरण येतं म्हणतात," मी म्हटलं. "कंपनीला असलं नाव कुणी देतं का?"

"तुमच्याकडं म्हनत्यात, बराबर हाय. आमची मानसं बैलं घेऊन माळावर मुक्काम करायची. रातभर जागी ऱ्हायची ती टिटवीच. आमाला तिची सोबत वाटायची."

व्यवसाय करायचाय की गोष्टी सांगायच्यात, एकदा ठरवावं माणसानं. मी माझ्या मनानं दुसरा लोगो करून दाखवला. करड्या रंगात एकच 'ट', खाली तीन ठिपके. कुठल्याही मोठ्या शहरात चालला असता. त्यानं बराच वेळ पाहिला.

"रेघ लई साफ हाय, ताई," म्हणाला, आणि परत टिटवीवर आला.

११ नोव्हेंबर, मंगळवार

टिटवी जमत नाही. हे इथंच लिहून ठेवते, कारण दुसरीकडं कुठं बोलायची सोय नाही. फोटो बघून काढली तर फोटोसारखी येते. मनानं काढली तर कोंबडी होते. नऊ वर्षांत मी कोऱ्या कागदावर पहिली रेघ कधी मारलीच नाही, नेहमी कुणीतरी आधी मारलेली असायची. आज दुपारभर कागदाकडं बघत बसले. मला खरंच काही येतं का, असा प्रश्न पडला. मग चहा घेतला आणि तो प्रश्न गेला.

पुनम नावाची एक मुलगी इथं रंग भरते आणि आवाजाचंही काम बघते. हिंगोलीच्या कुठल्याशा क्लासमध्ये शिकली आहे. खुर्चीवर मांडी घालून बसते. माझ्या खांद्यावरून वाकून म्हणाली, "ताई, ही टिटवी मेल्यावानी दिसून राहिली."

मी तिला सांगितलं की चित्रकलेत याला संयम म्हणतात.

घरी आबा विचारत होते, "त्या तांड्यावरच्या पोराकडं चाकरी करून राहिलीस व्हय?"

"चाकरी नाही आबा, सल्लागार आहे मी."

"सल्ला द्यायला रोज डबा घेऊन जातीस?"

आमच्या कुरुंद्यात कुणाला सांगू नको म्हणाले. मी तरी कुठं सांगत फिरतेय.

१६ नोव्हेंबर, रविवार

टिटवीच्या आवाजासाठी साहेबांना आवाजाचा कलाकार नको. त्यांना त्यांची आईच पाहिजे. म्हणून आज मी, रामप्रसाद आणि पुनम तांड्यावर गेलो. एका मोटारसायकलवर तिघं. माझ्या हातात माईकची पेटी.

आईचं नाव निर्मलाबाई. साधं लुगडं, पायात मुलाचे जुने बूट, आणि पुढचे दात गेलेले. बाजेवर बसल्या होत्या. मला बघून उठल्या नाहीत. "माणिकरावाची पोरगी ना तू? नाकावरून वळखली," म्हणाल्या. "लई हळद शिजवली मी तुमच्या शेतात."

चहा आला. मी म्हटलं, मला पित्त आहे, चहा चालत नाही. पाणीही नको म्हटलं, माझी बाटली माझ्या पिशवीत असते. निर्मलाबाईंनी कप उचलून बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, "तुझ्या आजीला बी पित्तच होतं. आमच्या हातचं पानी बघितलं की उठायचं."

आमच्या घराण्यात पित्त आहे, हे यांनी इतकी वर्षं लक्षात ठेवावं याचं नवल वाटलं. रामप्रसाद उठून उगाच वायर सोडवायला लागला.

रेकॉर्डिंग म्हणजे सगळा तमाशाच. टिटवीचा आवाज काढा म्हटलं तर बाई काढेनात. "घरात बसून तिची नक्कल करायची नसती." पुनमनं माईक तोंडासमोर धरला तर त्याच्यावर टिचकी मारून बघितली.

"ह्याच्यात बोललेलं कुठं जातं?"

"टीव्हीत जातं, मावशी," पुनम म्हणाली.

"कोनाच्या टीव्हीत?"

"समद्यांच्या."

निर्मलाबाई माझ्याकडं बघत राहिल्या. "म्हंजी कुरुंद्याला माणिकरावाच्या बैठकीत बी मी बोललेलं ऐकू येईल?"

"व्हय."

त्यावर बाई हसायला लागल्या. आधी एक लांब श्वास, त्यात दातांच्या फटीतून आलेली शीळ, मग ते हसणं वर चढत गेलं आणि बाजेचे करकरणारे आवाजही त्यात आले. पुनमही हसली, शेजारच्या बायाही हसल्या. रामप्रसाद तेवढा खाली मान घालून बसला होता. यात हसण्यासारखं काय होतं, मला कळलं नाही.

टिटवीचा आवाज मिळालाच नाही. "हेच घेऊ," रामप्रसाद म्हणाला.

मी त्याला स्पष्ट सांगितलं, हा गावंढळपणा आहे. म्हाताऱ्या बाईचं हसणं लोगोत चालत नाही, तिथं सूर लागतो. तो म्हणाला, "असंल. घेऊन बघू."

२५ नोव्हेंबर, मंगळवार

लोगो झाला. फार बोलण्यासारखं त्यात काही नाही. गेल्या आठवड्यात बस बंद पडली तेव्हा शिरडच्या माळाला अर्धा दिवस बसून होते. तिथं दोन टिटव्या फिरत होत्या. वेळ जात नव्हता म्हणून तिकिटाच्या मागं चार रेघा ओढल्या. पाय गुडघ्यात मागं वाकतात, ते फोटोत कळलं नव्हतं. त्यावरून केला. आभाळ पायावर येतं तेव्हा टिटवीचा एक पाय थोडा दबतो आणि ती तो परत वर करते. तेवढी हालचाल बरी साधली आहे.

पुनमनं तो लागोपाठ लावून बघितला. रामप्रसाद नुसतं "ताई" म्हणाला. शब्द सुचत नसतील. वाचन नाही ना.

हसणं अजूनही मला खटकतं. त्याच्यावाचून चाललं असतं.

२ डिसेंबर, मंगळवार

आज चॅनेलच्या अधिकाऱ्याबरोबर व्हिडिओ कॉल झाला. मुंबईहून. मागं काचेची भिंत, टेबलावर एक कागद नाही. किती महिन्यांनी माझ्याच भाषेत बोलणारा माणूस भेटला. तो हिंदीत बोलत होता, पण मुद्दा माझ्या भाषेतला होता.

लोगो बघून म्हणाला, "ये क्या है? पंछी अशुभ, ऊपर से ये बुढ़िया की हँसी. बहुत गाँव वाला लगता है. कुछ न्यूट्रल बनाइए."

मी म्हटलं, "सर, मेरा भी यही कहना था." आणि लगेच माझा 'ट' दाखवला. त्याला तो तिथल्या तिथं आवडला. "परफेक्ट," म्हणाला. "आप वहाँ क्या कर रही हैं? अपना बायोडाटा भेजिए मुझे."

कॉल संपल्यावर रामप्रसादनं विचारलं, "तुमाला काय वाटतं, ताई? खरं सांगा."

"मला वाटतं तुझ्या कंपनीला टिकायचं असेल तर ट लाव. आईचं प्रेम घरी ठेव."

"बरं," म्हणाला.

रंगाच्या फायली टेबलावर ठेवायच्या त्या पुनम आपटून गेली. खरं बोललेलं या लोकांना पचत नाही. मी बायोडाटा पाठवून दिला.

५ डिसेंबर, शुक्रवार

रामप्रसादनं चॅनेलला कळवलं की ट लावणार नाही. मंजूर नसेल तर लोगोची जागा कापा म्हणाला. मूर्खपणाला सीमा असते.

"कंपनीचं नाव कुठंच दिसणार नाही, कळतंय का तुला?"

"कळतंय. नाव नसलं तर चालंल. दुसऱ्याचं तोंड लावून न्हाई फिरायचं." मग थांबून म्हणाला, "ताई, तुमचा ट वाईट न्हाई. तो आमचा न्हाई, इतकंच. तुमचा बी हाय का, तुमीच बघा."

उत्तर देण्याच्या लायकीचं नव्हतं ते.

त्यानं दुसरी युक्ती काढली आहे. प्रत्येक भागाच्या शेवटी ढवळू माळावर झोपी जातो. त्याच चित्रात, त्याच्या पोटाशी टिटवी झोपवायची. आभाळ खाली येईल, ती पेलेल, हसेल. लोगो नाहीच, गोष्टीतलंच पाखरू. मग चॅनेल कापणार कसं?

"पण हे सगळं परत काढावं लागंल," म्हणाला. "ढवळूच्या बरोबरीनं. पहिला भाग लगेच द्यायचाय. मी एकटा करतो, तुमाला मनाविरुद्ध सांगनार न्हाई."

तो एकटा करणार म्हणजे टिटवीलाही पाच पाय येणार. मी माझं टेबल पुसून घेतलं आणि बसले.

१२ डिसेंबर, शुक्रवार

झालं. टिटवीचा जो पाय दबतो तो आता ढवळूच्या कानाला लागतो आणि ढवळू झोपेत कान हलवतो. हे कुणी सांगितलं नव्हतं. काम करताना आलं. ढवळूच्या चालीचंही थोडं बघितलं. पाचवा पाय नव्हताच, मागच्या दोघांची वेळ चुकत होती. सांगितलं असतं तर आधीच दुरुस्त केलं असतं.

अधिकाऱ्याकडून बायोडाटाचं उत्तर नाही. मोठी माणसं कामात असतात.

४ जानेवारी, रविवार

आज पहिला भाग लागला.

घरी बघणार होते, पण आबांचे कुणी पाहुणे बैठकीत बसले होते आणि त्यांच्यासमोर नको वाटलं. म्हणून तांड्यावर गेले. निर्मलाबाईंच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. लेकरं टीव्हीला नाक लावून, बाया दारात, पुरुष अंगणात उभे राहून खिडकीतून बघणारे. रामप्रसाद आत आलाच नाही, ओट्यावर बसला. निर्मलाबाई मधोमध बाजेवर. मला त्यांनी हात धरून शेजारी बसवलं. नाही म्हणायला फुरसतच मिळाली नाही.

मालिका साधारण आहे. लेकरं मात्र हसत होती. ढवळूचं शेपूट विहिरीच्या दोरात अडकतं तिथं एक पोरगं लोळलं.

मग शेवट आला. माळ, ढवळू झोपलेला, पोटाशी टिटवी उताणी. आभाळ खाली आलं. टिटवीनं पाय वर केले. एक पाय दबला, तिनं परत वर केला. मी निर्मलाबाईंकडं बघत होते, कारण आता त्यांचं हसणं येणार होतं.

आणि साबणाची जाहिरात लागली.

हसण्याच्या आधीच कापलं होतं. एवढ्या माणसांच्या खोलीत नुसती ती साबणाची बाई गात होती. पुनमनं तोंडावर हात ठेवला. एका लहान पोरीनं वळून विचारलं, "मेली का ती?"

तेव्हा मला दिसलं. हसण्याशिवाय ती खरंच मेलेली दिसते. उताणी, पाय वर, आणि आवाज नाही. मी काढलेलं पाखरू सगळ्या महाराष्ट्रात आज मेलं.

"मेली न्हाई गं," निर्मलाबाई म्हणाल्या. "झोपलीय." आणि त्याच हसल्या. तोच लांब श्वास, तीच शीळ, मग वर चढणारं. त्या लहान पोरीला ते पटलं. तिनं जमिनीवर पडून पाय वर केले. मग सगळीच लेकरं पडली, त्या एवढ्या खोलीत सगळीकडं पायच पाय.

मी हसले नाही. माझा चॅनेलवर संताप झाला होता. डोळ्यांतही पाणी आलं ते संतापानंच.

ओट्यावर रामप्रसाद बसलेलाच होता. त्याला म्हटलं, "तुम्ही आत या. आई बोलावतात." कुणी बोलावलं नव्हतं. पण असं बाहेर बसणं बरं दिसत नाही.

परत येताना आबांचा फोन. "ते पाखरू मेलं व्हय शेवटी? पाव्हणे विचारून राहिले." म्हणजे बैठकीत सगळ्यांनी बघितलं होतं.

"नाही आबा. ते आभाळ पेलतं."

"मग तसं कळायला पाहिजे ना. आमी म्हटलं, लेकरांच्या कार्यक्रमात मेलेलं पाखरू काहून दाखवलं."

५ जानेवारी, सोमवार

सकाळीच चॅनेलचा फोन. लोकांच्या तक्रारी आल्यात म्हणे, मेलेला पक्षी पुढच्या भागापासून काढा. रामप्रसाद "जी सर, जी सर" करत होता. मी त्याच्या हातातून फोन घेतला.

"मरा नहीं है," मी म्हटलं. "आपने मारा है. हँसी काट दी आपने."

"आप कौन?"

"मंजुषा. पिछले महीने बात हुई थी. आपने बायोडाटा माँगा था."

"सॉरी, याद नहीं आ रहा."

लाईन खराब होती, आवाज ओळखला नसेल. पण माणूस काय दर्जाचा आहे ते मला पहिल्या कॉललाच कळलं होतं. काचेच्या भिंतीसमोर बसलं की समज येत नाही. त्याला मी समजावून सांगितलं की पाखरू काढलं तर शेवटचा अख्खा प्रसंग नव्यानं करावा लागेल, तो वेळेवर मिळणार नाही, आणि रविवारी त्याच्याकडं दाखवायला वासरूच नसेल. हसणं परत लावलं तर एकही तक्रार येणार नाही. तो म्हणाला, जाहिराती आधीच ठरल्यात. मी म्हटलं, मग साबण कापा.

शेवटी हसण्याला दोन सेकंद दिले. आधी चार होते.

फोन ठेवल्यावर रामप्रसाद माझ्याकडं बघत होता. "तसा वेळेवर झाला असता प्रसंग," म्हणाला.

"मला माहीत आहे," मी म्हटलं. "त्याला माहीत नाही."

९ जानेवारी, शुक्रवार

निर्मलाबाईंचं हसणं दोन सेकंदांत बसवायचं काम माझ्याकडंच आलं. पुनमकडं दिलं असतं तर तिनं वेग वाढवून टाकला असता.

कानाला हेडफोन लावून बसले. खाली देवळाची गर्दी, भजन, नारळ फुटताहेत, त्यातून त्या हसताहेत. पहिला श्वास, शीळ, मग चढ, मग बाज करकरते, मग लांबचा कुणाचा तरी खोकला. निम्मं टाकायचं. कुणीही श्वास टाकेल आणि चढ ठेवेल, कारण हसणं तिथं आहे. मी तसं करून पाहिलं. ते रेडिओच्या जाहिरातीतलं हसणं वाटलं, कुणाचंही. मग उलटं केलं. श्वास पूर्ण ठेवला, शीळ ठेवली, आणि हसणं जेमतेम सुरू होतं तिथं कापलं. टिटवी आधी दम घेते, मग हसायला लागते, आणि तेवढ्यात चित्र संपतं.

"ताई, हसनं तर समदं गेलं," पुनम म्हणाली. "श्वास काहून ठेवला?"

"मेलेला दम घेत नाही," मी म्हटलं.

तिला पटायला वेळ लागला. दोन्ही लावून दाखवले, तेव्हा मान हलवली. कान बरा आहे तिचा, पण कुठं कापायचं हे कुणी कधी शिकवलेलंच नाही. हिंगोलीच्या क्लासात काय शिकवणार म्हणा. भाग पाठवून दिला आणि तिला सोमवारी लवकर यायला सांगितलं. खुर्चीवर नीट बसायचं, हेही सांगितलं. उरलेले सगळे भाग माझ्या एकटीच्यानं व्हायचे नाहीत.